दुसरा हात

"बैलाच्या नाकातली वेसण शेपटीला बांधतोस व्हय रे, इसाक?"

दिनकरअण्णा खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले होते. खड्ड्यात, माझ्या जीपच्या पोटाखाली, इसाकभाई उभे होते. वरून फक्त त्यांची बोटं दिसत होती. मागच्या चाकांच्या पलीकडे, जिथून सायलेन्सर काढला होता, त्या रिकाम्या जागेचं ते वितीनं माप घेत होते.

"वेसण न्हवं, फुफ्फुस हाय ते," खालून आवाज आला.

"मग फुफ्फुस छातीत असतंय. कमरेखाली न्हाई."

"छातीत जागा असली तर घातलं असतं की. तूच हात घालून बघ. पंप, रेडिएटरचा पाइप, ब्रेकची नळी. बोट शिरत न्हाई तिथं."

मी दाराला टेकून ऐकत होते. गाडी माझी होती, पण त्या दोघांच्या बोलण्यात मध्ये पडायची कुणाची छाती नव्हती. गगनबावड्याच्या स्टँडमागं दोघांचं मिळून गॅरेज होतं. दिनकर लोहार आणि इसाक शिकलगार. एकाच वर्गात शाळा सोडलेले, एकाच दिवशी शटर उघडलेले. गॅरेजला नाव नव्हतं. लोक 'लोहार-शिकलगारांकडं' म्हणायचे आणि दोघांपैकी कुणाचंही नाव एकटं घ्यायचे नाहीत.

वैभववाडी ते गगनबावडा अशी आमची वडापची, म्हणजे सीटमागं भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या जीपांची, लाइन. करूळचा घाट चढून यायचं. जीप बाबांची. त्यांची नजर गेल्यावर मी चालवायला लागले. पहिल्या वर्षी लोक हसले, दुसऱ्या वर्षी बसायला लागले. पण जीप जुनी झाली होती. पूर्ण भरली की घाटातल्या दोन वळणांवर दम टाकायची. मग सगळ्यांना उतरवून चालत वर यायला लावायचं आणि मी रिकामी गाडी चढवून पुढं थांबायचं. "शालनच्या वडापला भाडं दिलं की व्यायाम फुकट," असं स्टँडवर म्हणायचे. तोवर लाइनीवर टर्बोवाल्या नव्या जीपा आल्या होत्या. त्या तसल्याच चढावर गाणी लावून निघून जायच्या.

लाइनीवर गाडी लावायचे नंबर दरवर्षी दसऱ्याला नव्यानं ठरायचे. लाइनीचे अध्यक्ष बापू पडवळ. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "दसऱ्याला भरली गाडी एका दमात वर आली तर नंबर तुझा. माणसं चालत आली तर दुसऱ्याला देणार. राग मानू नगंस." राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतंही. पण तो नंबर गेला तर जीप विकून घरात बसण्याशिवाय मला दुसरं काही नव्हतं.

म्हणून मी इसाकभाईंकडं गेले. तरुणपणी काही वर्षं ते कोल्हापुरात ट्रकांचे टर्बो दुरुस्त करायचे. टर्बो म्हणजे एका दांड्यावरची दोन छोटी चाकं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चाक फिरवतो, दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त तेवढं डिझेल जास्त जळतं, आणि तेवढा जोर वाढतो. इसाकभाईंनी भंगारातून एका गाडीचा टर्बो आणला, साफ केला, फुंकर मारून त्याचं चाक मला फिरवून दाखवलं. पुढं जागा नव्हती म्हणून तो मागं, सायलेन्सरच्या जागी बसवायचं त्यांनी ठरवलं.

"मागं बसवलास की काय हुतंय ते सांगू?" दिनकरअण्णा कडेवरून म्हणाले.

"सांग. तू सांगितल्याबिगर ऱ्हाणार हायस का?"

"इंजिनातनं धूर निघाला तवा तो तापलेला असतोय. गाडीच्या शेपटीपर्यंत जाईस्तवर गार हुतोय. गार धुराला जोर कुठला?"

"थोडा कमी पडंल. मान्य."

"वळणावर पाय दाबलास, तर टर्बो जागा होऊस्तवर गाडी विचार करत बसणार. तवर नुसता काळा धूर."

"दोन श्वास. जास्त न्हाई."

"आणि ऑइल? टर्बोला ऑइल लागतंय. पुढं असला तर ते आपसूक इंजिनाखालच्या चेंबरात उतरतंय. मागं बसवलास तर टर्बो चेंबरच्या खाली आला. पायात उतरलेलं रगत वर न्यायला काळीज लागतंय, इसाक."

"छोटा पंप लावतोय की. तेच काळीज."

"म्हंजे बिघडायला आणखी एक वस्तू."

इसाकभाई खड्ड्यातून वर आले. हात पुसत पुसत ते म्हणाले, "आता माझं ऐक. पुढं बसवला असता तर त्याची सगळी धग इंजिनावर. ही गाडी आधीच घाटात पाणी उकळती. मागं बसवला की इंजिन गार. दाबलेली हवा एवढी लांब पुढं येईस्तवर तीबी गार, आणि गार हवा इंजिनाला मानवती. शालनच्या पायाला चटका न्हाई. सायलेन्सरची गरज न्हाई. वजन मागच्या चाकावर. पावसात चाक घसरायचं कमी."

"दगड उडून बसंल त्येला."

"पत्रा लावतो."

"आणि पाइप? पुढनं मागं, माणसांच्या बुडाखालनं?"

"सायलेन्सरचा पाइप काय डोक्यावरनं जातोय?"

"त्यात दाब नसतोय. ह्यात हाय. टर्बोच्या अलीकडचा सगळा पाइप फुगलेल्या फुग्यावानी. एक जोड ढिला झाला..."

"जोड ढिला कसा हुईल? आवळणार मी हाय."

दिनकरअण्णा उठले. त्यांनी गुडघे झटकले. "मग तूच आवळ," ते म्हणाले. "मी हात लावणार न्हाई ह्या कामाला."

हे वाक्य साधं नव्हतं. त्या गॅरेजची एक रीत होती. एकानं आवळलेला प्रत्येक नट दुसऱ्यानं पान्यानं तपासायचा. 'दुसरा हात' म्हणायचे त्याला. ब्रेकचं काम असो, नाही तर आरशाचा स्क्रू, दुसरा हात फिरल्याशिवाय गाडी बाहेर पडायची नाही. एकदा आमदारांची गाडी घाईत होती, तरी दिनकरअण्णा जेवून येईपर्यंत इसाकभाईंनी ती सोडली नव्हती. आणि आज अण्णा दुसरा हात देणार नाही म्हणत होते.

इसाकभाईंनी पाना उचलला. मान खाली घालून परत खड्ड्यात उतरले.

काम चालू असताना स्टँडवरची माणसं येऊन वाकून बघायची. "इसाकभाई, ह्या गाडीला शिंगं बी मागंच लावा," कुणीतरी म्हणायचं. दिनकरअण्णा पलीकडच्या कोपऱ्यात दुसऱ्या गाडीवर काम करायचे. दोघं चहा एकत्र प्यायचे, डबा एकत्र उघडायचे, पण माझ्या जीपचा विषय दोघांच्या मध्ये बंद दारासारखा उभा असायचा. पुढं बऱ्याच वर्षांनी मला कळलं की जगात काही लोक टर्बो मुद्दाम मागं बसवतात, आणि इसाकभाईंनी त्या दिवशी सांगितलेले फायदे आणि अण्णांनी सांगितलेले तोटे, दोन्ही जसेच्या तसे खरे आहेत. त्या वेळी मला एवढंच माहीत होतं की दोन शहाणी माणसं एकमेकांना चुकीचं म्हणत नव्हती, आणि तरी त्यांचं जमत नव्हतं.

खंडेनवमीच्या दिवशी उजाडतानाच जीप तयार झाली. इसाकभाई माझ्या शेजारी बसले आणि आम्ही रिकामी गाडी घाटात नेली. खाली वैभववाडीच्या बाजूला उतरून परत वर चढवली. वळणावर पाय दाबला की गाडी क्षणभर गप्प राहायची, आरशात काळा धूर दिसायचा, आणि मग लांब मागून, कुणीतरी दरीपलीकडून शिट्टी घालावी तसा बारीक आवाज यायचा. त्यासरशी पाठ सीटला चिकटायची. ज्या वळणावर मी वर्षानुवर्षं माणसं उतरवली, तिथं गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. मी हसले. इसाकभाई हसले नाहीत. कान मागं लावून बसले होते.

"पहिल्यांदा तापलं की लोखंड आपली जागा धरतंय," परत आल्यावर ते म्हणाले. "पॅकिंग दबतंय. आता गार होऊ दे. मग पाइपचा जोड एकदा परत आवळला की झालं."

गाडी गार होईपर्यंत उन्हं वर आली. तोवर दिनकरअण्णांच्या घरच्यांनी गॅरेज धुऊन काढलं होतं. पूजेची वेळ झाली. पाटावर सगळी हत्यारं मांडली गेली. पाने, हातोडे, पकडी, जॅक. व्हाइसला झेंडूची माळ. खंडेनवमीला हत्यारं एकदा पूजेला बसली की दसऱ्याला सीमोल्लंघनाआधी उचलायची नाहीत, असं आमच्याकडं. लोहारांच्या घरात ते कडक. आणि शिकलगारांचं म्हणाल, तर पिढ्यान्‌पिढ्या तलवारींना धार लावणारं घर, हत्याराला पाय लागला तर इसाकभाई कानाला हात लावायचे. दरवर्षी ते स्वतःची पेटी स्वतः पुसून पाटावर ठेवायचे, अण्णांच्या मागं हात जोडून उभे राहायचे आणि नारळाचा पहिला तुकडा त्यांना मिळायचा.

त्या दिवशी मीही होते. आरती झाली. इसाकभाईंची नजर पाटावरून फिरत खिडकीपर्यंत गेली. खिडकीच्या फळीवर एक पाना राहिला होता. त्यांनी तो उचलला, बाहीला पुसला, पाटाच्या कडेला बाकीच्या पान्यांशेजारी ठेवला आणि त्यावर एक झेंडूचं फूल टेकवलं. अण्णा त्या वेळी बाहेर नारळ फोडत होते. आत आले, पाटाकडं बघितलं, थोडा वेळ बघत राहिले, आणि प्रसाद वाटायला वळले.

"भाई, जोड आवळायचा राहिला की," निघताना मी म्हणाले.

"उद्या हत्यारं उठली की दुपारी आण. तवर काय न्हाई हुत," इसाकभाई म्हणाले. "फार तर शिट्टी मारंल, जोर थोडा कमी लागंल."

मला त्यात वावगं वाटलं नाही. त्यांनाही वाटलं नसावं. रिकाम्या गाडीत, खिडक्या उघड्या ठेवून आम्ही घाट चढलो होतो.

दसऱ्याच्या सकाळी दाट धुकं होतं. वैभववाडीला मी पोचले तेव्हा वर जाणारी माणसं थांबूनच होती. सणाला गावी निघालेली. हातात झेंडूच्या माळा, पिशव्यांत आपट्याच्या डहाळ्या. गाडी भरली, मग आणखी भरली. माझ्या पाठीमागं, माझ्या पाठीला पाठ लागेल अशा बाकाच्या टोकाला गुरवतात्या बसले. केशव गुरव. खाली लेकीकडं राहायचे, पण प्रत्येक सणाला वरच्या गावातल्या घराचं दार उघडायला यायचेच. मुलगा विलास एसटीत कंडक्टर होता. तो कोल्हापूरहून परस्पर घरी यायचा. बापाला एसटीचा पास होता, पण बाप वडापनं यायचा.

"तात्या, पोरगा एसटीत आणि तुम्ही माझ्या गाडीत?" मी विचारलं.

"एसटी येळंवर सुटती, पोरी," तात्या म्हणाले. "मला येळंवर उठवत न्हाई."

गाडीत हशा पिकला. थंडी होती म्हणून बाजूचे ताडपत्रीचे पडदे कुणीतरी खाली सोडून बांधले. मागचाही पडदा सोडला. मी पुढं, माझी काच नेहमीसारखी अर्धी खाली.

घाट सुरू झाला. पहिल्या वळणापर्यंत तात्या माझ्याशी बोलत होते. मग धुकं वाढलं आणि मी रस्त्याकडं लक्ष दिलं. गाडी भरलेली, तरी चढत होती. मागून बारीक शिट्टी यायची, आणि आज तिच्यात आणखी एक फुसफुस मिसळलेली होती. मला वाटलं, इसाकभाई म्हणाले होते तेच. शिट्टी मारेल.

मध्येच एका बाईनं ओकारी काढली. "गाडी लागली," शेजारचं कुणीतरी म्हणालं. घाटात हे रोजचंच. एक लिंबू हातोहात मागं गेलं. एक पोर डोकं दुखतंय म्हणून रडायला लागलं. त्याला आईनं मांडीवर घेतलं. डिझेलचा वास येत होता, पण वडापमध्ये डिझेलचा वास आला नाही तरच चौकशी करावी. मग एकेक जण गप्प होत गेला. सणासाठी पहाटे उठलेली माणसं, पेंगली असतील.

पहिलं अवघड वळण आलं. सवयीनं मागून कुणीतरी जड आवाजात म्हणालं, "उतरायचं का?"

"कुणी उतरू नका," मी म्हणाले. "बसा. आज गाडी चढती."

चढली. दुसऱ्या वळणालाही चढली. त्या दिवशी कुणीही उतरलं नाही.

गगनबावड्याच्या स्टँडवर बापू पडवळ स्वतः उभे होते. इंजिन बंद केल्यावर त्यांनी बॉनेटवर थाप मारली. "एका दमात?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी खिशातून पत्र्याचा नवा बिल्ला काढून माझ्या हातात दिला. माझा नंबर. मागं माणसं उतरत होती. उतरताना धडपडत होती, कुणी चाकाला धरून उभं राहिलं, कुणी तिथंच बसलं. "घाट लागला समद्यांस्नी," बापू म्हणाले.

तात्या उतरले नाहीत. मफलर कानाला, हनुवटी छातीवर, मांडीवर झेंडूची माळ. गाल लालसर दिसत होते. थंडीनं असतील, असं कुणीतरी म्हणालं.

"तात्या, आलं गाव," मी म्हणाले.

दवाखाना जवळच होता. डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळे बघितले. वय झालं होतं, हृदयाचं दुखणं जुनं होतं. तसंच त्यांनी लिहिलं. विलास दुपारी पोचला, आणि संध्याकाळी, बाकीचं गाव सोनं लुटत असताना, तात्यांना नेलं.

सावडणं झालं त्या दिवशी इसाकभाईंनी मला बोलावणं पाठवलं. "गाडी घेऊन ये," एवढाच निरोप. तात्या गेल्यापासून जीप मी बाहेर काढली नव्हती. मी गेले तेव्हा ते खड्ड्यात उतरायच्या तयारीत होते. कपाळावर आठ्या.

"त्या दिवशी कितीजणांचं डोकं दुखलं?" त्यांनी विचारलं.

"बऱ्याच जणांचं. एका बाईचं तर रात्रीपर्यंत."

ते खाली गेले. बॅटरीचा उजेड जीपच्या पोटावरून सरकत मध्यावर थांबला, आणि तिथंच राहिला.

"दिनकर," शेवटी त्यांनी हाक मारली. "ये खाली."

अण्णा उतरले. त्यांच्यामागं मीही. पाइपच्या जोडापासून वर, गाडीच्या तळाच्या पत्र्यावर काजळीचा पंखा पसरला होता, चुलीच्या मागच्या भिंतीवर पडतो तसा. पंख्याच्या मध्ये पत्र्याला भोक होतं. बाकाचा एक बोल्ट कधीतरी पडून गेला होता, त्याचं. वर बरोबर माझ्या सीटच्या मागची जागा. जोडाची फट नखाएवढी होती.

"टर्बो जागा होईस्तवर काळा धूर," इसाकभाई स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "प्रत्येक वळणाला. आणि पडदे बंद. मला पडदे आठवलं न्हाईत, दिनकर. मी काच उघडी टाकून बसलो हुतो."

अण्णांनी बोट लावून काजळी बघितली.

"खंडेनवमीला आवळला असता तर," इसाकभाई म्हणाले. "पूजेच्या आधी. न्हाई तर नंतर. तुला म्हटलं असतं, एक पाना उचलू का, तर तू न्हाई म्हणाला नसतास. पण तुझ्या पाटावरनं हत्यार मागायचं... तोंड उघडलं न्हाई माझं."

"पाना पाटावर नव्हताच," अण्णा म्हणाले.

इसाकभाईंनी वळून बघितलं.

"एक बाहेर ठेवला हुता मी. खिडकीत. मुद्दाम. पूजेला मांडलाच न्हाई, म्हंजे उचलायला हरकत न्हाई. सगळी पांगली की तुला म्हणणार हुतो, चल, जोड आवळ, मी दुसरा हात देतो. काम माझ्या मनाचं नसलं म्हणून काय झालं. गाडी आपल्या गॅरेजातनं जाणार हुती."

"मला वाटलं, तू ठेवायला विसरलास," इसाकभाई म्हणाले. "तुझी पूजा अपुरी राहील म्हणून मी ठेवला. फूल बी ठेवलं."

"आणि मी आत आलो, तर पाना पाटावर. मला वाटलं, तू सांगतोयस, तुझा हात नको. मी आधी न्हाई म्हणालो हुतो, त्याचं उत्तर दिलंस." अण्णांनी बोटावरची काजळी पुसली. "म्हटलं, बरं. त्याचा मान."

तिघंही खड्ड्यात उभे होतो. माझ्या डोक्यावर ती काजळी होती.

"मी जातो गुरवांच्याकडं," इसाकभाई म्हणाले. "डाक्टरनं लिहिलं ते लिहिलं. त्या पोराला ठाऊक पाहिजे."

"चल," अण्णा म्हणाले.

"तू कशाला? हात माझा हुता. तू सांगून बाजूला झालेलास, गावाला ठाऊक हाय."

"आपलं गॅरेज एकट्याचं कधीपासनं झालं?" अण्णा म्हणाले, आणि टोपी घालायला वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. टर्बो काढून कोपऱ्यात ठेवला होता, जुना सायलेन्सर परत बसवला होता. स्टँडवर बापूंनी गाडी थांबवली. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली कुणास ठाऊक.

"शालन, तू कशाला उकरतीस?" ते खिडकीत वाकून हळू आवाजात म्हणाले. "गुरवाचं पोरगं काय म्हणत न्हाई, दवाखाना काय म्हणत न्हाई. तू तोंडानं सांगितलंस की उद्यापासनं लाइनीवरच्या एका बी गाडीत माणूस बसणार न्हाई. तुझ्याच न्हवं, सगळ्यांच्या. गेलीस तर नंबर इथंच ठेवून जायचा. मला दुसरा इलाज न्हाई."

मागं इसाकभाई आणि अण्णा शेजारीशेजारी बसले होते. दोघंही माझ्याकडं बघत नव्हते. मी काय ठरवीन ते माझं मला ठरवू देत होते. मी बिल्ला काढून बापूंच्या हातावर ठेवला आणि गिअर टाकला.

गुरवांच्या घराच्या पुढच्या सोप्यात विलास भिंतीला टेकून बसला होता. डोकं भादरलेलं. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं. घोंगडं होतं, पण इसाकभाई जमिनीवरच बसले. त्यांनी काही आडवळण घेतलं नाही. टर्बो काय, तो मागं का बसवला, जोड तापल्यावर परत का आवळावा लागतो, तो आवळला नाही, धूर कुठून वर आला, हे सगळं त्यांनी एखाद्या गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगावा तसं सांगितलं. मध्ये एकदाच त्यांना पाणी मागावं लागलं.

"डाक्टर हार्ट म्हणाले," विलास म्हणाला.

"असंल बी," इसाकभाई म्हणाले. "ते मला कळत न्हाई. धूर आत येत हुता, एवढं मला कळतंय. मला ठाऊक आणि तुम्हाला ठाऊक न्हाई, असं नको."

"जोड कुणी बसवला?"

"मी."

"आणि तपासायचा मी," अण्णा म्हणाले. "मी तपासला न्हाई."

विलासनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "का?"

इसाकभाईंनी अण्णांकडं बघितलं. मग अण्णा म्हणाले, "एकमेकांचा मान राखला."

"मान." विलासनं तो शब्द तोंडात घोळवला. मग तो एकदम उठला. "मान! अहो, मी एसटीत. पास काढून दिला त्यांना. किती येळा सांगितलं, तात्या, वडापनं येऊ नका, ती गाडी न्हवं, खुराडं हाय. आणि तुम्ही दोघं तिथं एकमेकांचा मान राखत बसला!" त्याचा आवाज आतल्या खोलीपर्यंत गेला. आत कुणीतरी रडायला लागलं. तो सोप्याच्या टोकापर्यंत गेला, तिथं पाठ करून उभा राहिला. खांबाला धरलेल्या त्याच्या हाताकडं मी बघत होते. इसाकभाईंनी मान वर केली नाही. अण्णांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, तो काढला नाही.

बऱ्याच वेळानं विलास परत येऊन बसला. आता तो माझ्याकडं बघत होता.

"तुम्ही चालवत हुता. ते तुमच्या मागंच बसायचे, न्हवं?"

"हो."

"शेवटचं काय बोलले?"

हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही.

"पहिल्या वळणाला म्हणाले, 'पोरी, आज गाडी लय सुरेख ओढती. कुणाचा हात लागला?' मी म्हणाले, इसाकभाईंचा. म्हणाले, 'त्याला सांग.'"

"काय सांग?"

"तेवढंच. पुढं वळण आलं, मी गिअर बदलला. परत बोलले नाहीत."

इसाकभाई स्वतःच्या हातांकडं बघत राहिले.

"मग सांगितलंत त्यांना?" विलासनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आत्ता सांगितलं."